बुद्धीच्या गोळ्या घेण्याआधी ‘माती परीक्षण’ करा



ऊसबिलाचा हप्ता सोसायटीची वजावट होऊन बँकेत जमा झाला, की गावोगाव निरनिराळ्या मालाचे विक्रेते फिरू लागतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. कोणी पिकाचे टॉनिक आणतो, कोणी गुडघेदुखीचे तेल आणतो. अलीकडे यात आणखी एका मालाची भर पडली आहे, ती म्हणजे स्मरणशक्ती वाढविणाऱ्या गोळ्या, चूर्णे आणि सरबते. विक्रेता घरी आला नाही तरी मोबाईलवर त्याची जाहिरात येतेच. म्हाताऱ्यांचा विसराळूपणा जातो, पोरगं दहावीला नंबर काढतं, आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे अपाय काहीच नाही, असे त्यात सांगितलेले असते.

शेतकी खात्याचा माणूस या विषयावर का लिहितो, असे काहींना वाटेल. कारण असे की, गट ऑफिसात लागण नोंदीला आलेले सभासद बेण्याची चौकशी संपली की हळूच विचारतात, “साहेब, ब्राह्मीची गोळी घेतली तर विसरणं कमी होतं म्हणत्यात, खरं हाय का?” दुसरे विचारतात, “ब्राह्मीची लागण केली तर परवडंल का?” मी डॉक्टर नाही, औषध सांगणे हे माझे काम नव्हे. पण एखाद्या खताचा किंवा औषधाचा दावा प्रयोगात कसा तपासतात, हे शेतकी खात्यातल्या माणसाला रोजचे आहे. माणसाच्या औषधाचा दावाही त्याच रीतीने तपासला जातो. म्हणून या गोळ्यांवर जगात आणि आपल्या देशात काय संशोधन झाले आहे, ते आपल्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कंट्रोल वाफा कशासाठी?

समजा, एका सभासदाने उसाला नवीन टॉनिक फवारले आणि एकरी उतारा पाच टनांनी वाढला. तो म्हणणार, टॉनिक लागू पडले. पण त्या साली पाऊसही वेळेवर झाला होता, बेणे नवीन होते, आणि टॉनिक आणले म्हणून त्याने भांगलण व पाणीही मन लावून केले. मग वाढ कशाने झाली? हे ओळखण्यासाठी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोग घेताना काही वाफे मुद्दाम विनाटॉनिकचे ठेवतात. त्याला आपण कंट्रोल म्हणतो. जमीन, जात, पाणी, खत सगळे सारखे ठेवायचे, फक्त एक गोष्ट वेगळी. तीही एकाच वाफ्यात नव्हे, तर तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून. एवढे केल्यावर जो फरक राहील, तो टॉनिकचा.

माणसांवरील प्रयोगातही असेच करतात. निम्म्या लोकांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती मिळाली, हे ना घेणाऱ्याला ठाऊक असते, ना तपासणाऱ्याला. मेंदूच्या औषधाच्या बाबतीत तर याची फारच गरज असते. कारण ‘मी औषध घेतोय’ एवढ्या भरवशानेच माणसाला तरतरी वाटते. शिवाय स्मरणशक्तीची परीक्षा दुसऱ्यांदा दिली की सरावाने आपोआप जास्त गुण पडतात. कंट्रोल नसेल तर हे दोन्ही फायदे गोळीच्या खात्यावर जमा होतात. ‘आमच्या शेजारच्या तात्यांना गुण आला’ हा पुरावा म्हणजे कंट्रोल नसलेला वाफा आहे, हे ध्यानात ठेवावे.

ब्राह्मी : आपल्या पाटाकडेची वनस्पती

आयुर्वेदात बुद्धीला हितकर अशा वनस्पतींना मेध्य रसायन म्हणतात. चरकसंहितेत मंडूकपर्णी, यष्टीमधू म्हणजे ज्येष्ठमध, गुडूची म्हणजे गुळवेल आणि शंखपुष्पी अशी चार नावे दिली आहेत. ब्राह्मीचाही महिमा जुना आहे. परंतु बाजारात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती चालतात. एक जलब्राह्मी. हिची पाने बारीक, जाडसर व रसाळ, फुले लहान पांढरट-जांभळट, आणि चव कडू. ही ओलाव्यात जमिनीसरपट पसरते. दुसरी मंडूकपर्णी, जिला कोकणात कारिवणा म्हणतात. हिचे पान गोलसर असून मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. केसांच्या तेलात व चूर्णात कधी ही तर कधी ती वापरली जाते. शंखपुष्पीचे तर त्याहून अवघड आहे. तीन-चार निरनिराळ्या वनस्पती त्या नावाने विकल्या जातात. बेणे कोणत्या जातीचे हे न बघता लागण करणारा शेतकरी फसतो, तसेच हे आहे.

जलब्राह्मीवर आपल्या देशात बरेच काम झाले आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात तिच्यातील ‘बॅकोसाईड’ हे घटक वेगळे काढण्यात आले. पुढे १९८२ साली त्याच संस्थेतील सिंग व धवन या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ब्राह्मीचा अर्क दिलेले उंदीर शिकवलेली गोष्ट लवकर शिकतात, असे त्यांना दिसले.

त्यानंतर माणसांवर कंट्रोल ठेवून प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी माणसांवर आणि २००२ साली ४० ते ६५ वयाच्या ७६ माणसांवर चाचण्या झाल्या. अमेरिकेत २००८ साली ६५ वर्षांवरील ५४ माणसांवर, आणि ऑस्ट्रेलियात २०१० साली ५५ वर्षांवरील ९८ माणसांवर चाचण्या झाल्या. बहुतेक ठिकाणी दिवसाला ३०० मिलिग्रॅम अर्क, साधारण १२ आठवडे दिला होता. निष्कर्ष असा की, नव्याने शिकलेले शब्द थोडे जास्त लक्षात राहिले आणि काही चाचण्यांत लक्ष देण्याचा वेग थोडा वाढला. २०१४ साली अशा ९ चाचण्या, म्हणजे एकूण ५१८ माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही विशेषतः लक्ष देण्याच्या वेगात सुधारणा दिसली.

म्हणजे ब्राह्मीत काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. पण नीट वाचले पाहिजे. फायदा लहान आहे, तो दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि चाचण्या थोड्या माणसांवरच्या व थोड्या दिवसांच्या आहेत. ज्यांच्यावर प्रयोग झाले, ते बहुतेक धडधाकट लोक होते. घरचा रस्ता विसरणाऱ्या, नातवाला न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा आजार ब्राह्मीने बरा होतो, असे या चाचण्यांनी दाखविलेले नाही. जुलाब, पोटात मुरडा, मळमळ हे त्रासही २०१० च्या चाचणीत नोंदलेले आहेत. नैसर्गिक असले म्हणजे निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तंबाखूही नैसर्गिकच आहे.

चारीतली ब्राह्मी खाऊ नका

येथे शेतकी खात्याचा माणूस म्हणून एक स्पष्ट इशारा देतो. जलब्राह्मी चारीच्या काठाने, पाझराच्या जागी, पाणथळ कोपऱ्यात आपोआप उगवते. ती फुकट मिळते म्हणून काही जण तोडून रस काढतात. परंतु ही वनस्पती पाण्यातील व चिखलातील शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम असे जड धातू शोषून स्वतःत साठवून ठेवते. हा तिचा गुणधर्म इतका ठळक आहे, की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, याचा शास्त्रज्ञ अभ्यास करतात. आपल्या चारीत गावचे सांडपाणी येते. उसात आपण ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, टू-फोर-डी ही तणनाशके मारतो, आणि पंप धुतलेले पाणी तिथेच जाते. अशा जागची ब्राह्मी बुद्धीसाठी खाणे म्हणजे विकतचे दुखणे फुकटात घेणे होय. शिसे तर मेंदूचे उघड शत्रू आहे, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा कायमचा परिणाम होतो.

बाजारचा मालही तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतील बोस्टन येथे दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, त्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. पाचातले एक. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत नसलेली पुडी घेऊ नये. निनावी पुडी ही लेबल नसलेल्या खताच्या गोणीसारखी समजावी.

लागवडीविषयी विचारणाऱ्यांसाठी सांगतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने जलब्राह्मीच्या ‘प्रज्ञाशक्ती’ व ‘सुबोधक’ अशा जाती काढल्या आहेत. मात्र या पिकाला उसासारखा हमखास घेणारा कारखाना दारात नसतो. खरेदीदाराशी लेखी करार असल्याशिवाय उसाचे क्षेत्र मोडून त्यात पडू नये.

हळद : सांगलीचे सोने, पण किती?

आपल्या भागात हळदीला सांगण्याची गरज नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतला पिवळा घटक, कर्क्युमिन, मेंदूसाठी गुणकारी आहे असा बोलबाला आहे. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत आणि उंदरांत तो चांगला चालला. माणसात मात्र अडचण आली. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. जमिनीत स्फुरद भरपूर असून चुनखडीमुळे मुळाला मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अमेरिकेत अल्झायमर या विस्मृतीच्या आजाराच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे रोज २ ते ४ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले. २०१२ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरले, तर २ ग्रॅमसाठी रोज ६५ ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. हे कोणाच्याही आमटीत बसणारे नाही. उलट २०१८ साली कॅलिफोर्नियात ४० माणसांना रक्तात सहज उतरेल असे तयार केलेले कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीड वर्ष दिले, तेव्हा स्मरणशक्तीच्या परीक्षेत सुधारणा दिसली. पण प्रयोग अवघा ४० माणसांचा. एका वाफ्यावरून जिल्ह्याची शिफारस करीत नाहीत.

मिऱ्याबरोबर हळद घेतली तर कर्क्युमिन रक्तात जास्त उतरते, हे बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखविले. ते खरे आहे. पण याच कारणाने जास्त ताकदीच्या हळद-मिरी गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटली व अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. भाजी-आमटीतली हळद बिनधास्त खावी, गोळीतली हळद डॉक्टरला विचारून. आणि रंग फार चकचकीत पिवळा दिसला तर सावध असावे. बांगलादेशात हळदीला रंग आणण्यासाठी शिशाचा क्षार मिसळला जात होता, हे २०१९ साली उघड झाले. आपली घरची हळद कुटून घेणे उत्तम.

मोठ्या प्रयोगात जे टिकले नाही

गिंको नावाच्या चिनी झाडाच्या पानांचा अर्क जगभर स्मरणशक्तीसाठी विकला जातो. अमेरिकेत त्याचा मोठा प्रयोग झाला. ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ माणसांना सरासरी सहा वर्षे गोळ्या दिल्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना पोकळ. २००८ साली हिशेब झाला. पोकळ गोळीवाल्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, गिंकोवाल्यांत २७७ जणांना. म्हणजे गिंकोने आजार थांबला नाही. फ्रान्समध्ये पाच वर्षांच्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात २०१२ साली असाच निकाल आला.

अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, असे ऐकायला मिळते. स्पेन व अमेरिकेत सुमारे ७०० निरोगी वृद्धांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज अक्रोड दिले. एकूणात बुद्धीच्या परीक्षेत फरक पडला नाही, असे २०२० साली जाहीर झाले. अक्रोड हे चांगले अन्न आहे, पण ते औषध नाही. ज्याला परवडत नाही त्याने शेंगदाणे आणि जवसाची चटणी खाल्ली तर काही बिघडत नाही.

आता एक गोष्ट थेट आपल्या उसाची. उसाच्या कांडीवर पेऱ्याजवळ पांढरी भुकटी असते, ती बोटाला लागते. ते उसाचे मेण. या मेणापासून ‘पॉलिकोसॅनॉल’ हा पदार्थ काढतात. क्यूबा हा उसाचा देश. तेथील हवानाच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने तो विकसित केला आणि १९९० च्या दशकात त्याने रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते, असे अनेक अहवाल तेथून आले. कोलेस्टेरॉल आटोक्यात तर मेंदूच्या रक्तवाहिन्या चांगल्या, म्हणून त्याला फार मागणी आली. मग जर्मनीत क्यूबाच्याच उसाचा पॉलिकोसॅनॉल घेऊन १४३ रुग्णांवर १२ आठवडे स्वतंत्र प्रयोग केला. १० पासून ८० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिली. २००६ साली निकाल आला, पोकळ गोळीपेक्षा काहीही जास्त परिणाम नाही. पदार्थ आपल्या उसाचा असला तरी हिशेब हिशेबाच्या जागी. ज्याचा माल, त्याचाच प्रयोग, एवढ्यावर विसंबू नये. दुसऱ्याच्या शिवारात तेच पीक यायला हवे.

केवडा पडलेला ऊस आणि बी-१२

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

चुनखडीच्या रानात उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात, त्याला आपण केवडा पडला म्हणतो. तेथे लोहाची कमतरता असते. हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून दिली की पाने हिरवी होतात. पण ज्या रानात लोह पुरेसे आहे, तेथे हिराकस टाकून टनेज वाढत नाही, नुसता खर्च वाढतो. म्हणून आपण आधी माती परीक्षण करा, असे सांगतो. मेंदूच्या बाबतीत हेच सूत्र सर्वांत जास्त उपयोगी पडते. जे कमी असेल ते भरून काढले तर गुण येतो, जे पुरेसे आहे ते वर ओतून येत नाही.

आपल्याकडे हमखास कमी पडणारी गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी व ग्रामीण भाग येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. तिघांत दोघे. शाकाहारी माणसांत हे प्रमाण जास्त होते.

बी-१२ कमी पडले की रक्त कमी होते, हातापायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन दुखते, माणूस चिडचिडा होतो आणि विसरू लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. पण हा विसराळूपणा वयाचा नसतो, कमतरतेचा असतो. वेळेवर गोळी किंवा इंजेक्शन दिले तर तो सुधारू शकतो. मात्र फार वर्षे दुर्लक्ष केले तर शिरांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. वाळलेल्या कोंभाला पाणी देऊन काय उपयोग?

हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. दिवसाची गरज साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, आणि एका मोठ्या पेल्याभर दुधात अंदाजे एक मायक्रोग्रॅम असते. आता आपल्या घरचा हिशेब बघा. गोठ्यात दोन म्हशी, दूध सगळे डेअरीला, घरात राहते ते चहापुरते. माळकरी घर असेल तर अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. मग त्या घरच्या आजीला बी-१२ येणार कोठून? डेअरीचे बिल महत्त्वाचे आहे, पण पेलाभर दूध आणि वाटीभर दही घरच्या माणसांसाठी आधी बाजूला ठेवावे. आणि कमतरता जास्त असेल तर नुसत्या दुधाने ती भरत नाही, औषधच घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत, तसेच पित्ताच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. अशांनी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, फक्त डॉक्टरला सांगून बी-१२ तपासून घ्यावे.

या ‘माती परीक्षणा’च्या तत्त्वाला परदेशी प्रयोगांतही आधार मिळतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे स्मरणशक्ती किंचित कमी झालेल्या ७० वर्षांवरील १६८ माणसांना दोन वर्षे बी-१२, फॉलिक ॲसिड व बी-६ दिले. २०१० च्या अहवालानुसार मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला. बी-१२ व फॉलिक ॲसिड कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो. तो ज्यांच्यात फार वाढलेला होता, त्यांना फायदा जास्त झाला. या उलट हॉलंडमध्ये २,९०० हून अधिक वृद्धांवर दोन वर्षे गोळ्यांचा प्रयोग केला, तेव्हा २०१४ साली स्पष्ट फायदा दिसला नाही. अमेरिकेत ५,००० हून अधिक वृद्धांवर साध्या मल्टिव्हिटॅमिनचा प्रयोग झाला, त्यात २०२४ साली स्मरणशक्तीला लहानसा फायदा आढळला. म्हणजे ज्या गोळ्यांना थोडाफार आधार आहे, त्या महागड्या डब्यातल्या नाहीत, औषधाच्या दुकानातल्या साध्या आहेत.

साखर, रक्तदाब आणि कान

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण एकूण शक्तीपैकी वीस टक्के तोच वापरतो, आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे. म्हणून काही जण म्हणतात, साखर खाल्ली की बुद्धी वाढते. आपला कारखाना साखरेचा असला तरी खरे तेच लिहिले पाहिजे. लागेल तेवढे ग्लुकोज शरीर भाकरीपासूनही तयार करते. जास्त साखरेने बुद्धी वाढत नाही, आणि मधुमेह झाला तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

स्मृतिभ्रंश हा काही शहरातल्याच लोकांचा आजार नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली १४ कारणांची यादी दिली. ती आटोक्यात आणली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अति मद्यपान, डोक्याला मार, बैठे जीवन, एकटेपणा, उदासी, कमी शिक्षण, दूषित हवा, लठ्ठपणा, अधू दृष्टी आणि बहिरेपणा ही कारणे आहेत. त्यात ‘ब्राह्मीची गोळी घेतली नाही’ असे कारण कोठेही नाही.

यातील बहिरेपणाकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. ऐकू येत नाही म्हणून म्हातारा माणूस पारावर जायचे सोडतो, बोलणे सोडतो आणि मेंदूचे काम थांबते. ऐकण्याचे यंत्र लावायला लाजू नये. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या हंगामावर ढकलू नये. रक्तदाबाचे म्हणाल, तर अमेरिकेत नऊ हजारांवर माणसांवरील प्रयोगात वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत बुद्धी किंचित मंदावण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. किती खाली ठेवायचा, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसार डॉक्टरनेच ठरवायचे. पण रक्तदाबाच्या साध्या गोळीने जे साधते, ते महागड्या चूर्णाने साधल्याचा पुरावा नाही.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दोन वर्षे चांगला आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-मधुमेहाची देखरेख असे सगळे एकत्र दिले. २०१५ साली त्यांची बुद्धी इतरांपेक्षा जास्त सुधारल्याचे दिसले. एकट्या युरियाने ऊस येत नाही. बेणे, पाणी, खत, भांगलण सगळे जुळावे लागते. मेंदूचेही तसेच आहे.

सभासदांनी काय करावे?

१) घरातील साठीपुढच्या माणसांचा रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड व बी-१२ डॉक्टरच्या सल्ल्याने तपासून घ्यावे. मुंग्या येणे किंवा विसरणे सुरू असल्यास विलंब करू नये.

२) विसरणे अचानक एक-दोन दिवसांत आले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची ताकद गेली, तर घरी चूर्ण देत बसू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे. पक्षाघातात प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

३) रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा फिटच्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी कोणतीही ‘नैसर्गिक’ गोळी डॉक्टरला दाखविल्याशिवाय घेऊ नये. वैद्यांकडून औषध घेत असाल तर तेही डॉक्टरला सांगावे. लपवू नये.

४) ‘खात्रीने बरा करतो’ अशी मेंदूच्या आजाराची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. अशी खात्री देणारा विक्रेता दिसला, तर तेवढ्यावरूनच त्याची पारख करावी.

५) गोळी घ्यायचीच ठरवली, तर किती दिवस आणि कशासाठी हे आधी ठरवावे. तीन महिन्यांत फरक नसेल तर बंद करावी. पण रक्तदाब, मधुमेह किंवा बी-१२ चे औषध तिच्यासाठी थांबवू नये.

६) दहावी-बारावीच्या मुलांना टॉनिकपेक्षा पुरी झोप, सकाळची न्याहारी आणि पेलाभर दूध द्यावे. मुलींचे हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. रक्त कमी असलेल्या मुलीचे लक्ष अभ्यासात लागत नाही, त्यात तिचा दोष नसतो.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. उसाला खत देताना आपण मातीचा कागद बघतो, वजन बघतो, बिलाची पावती घेतो. आई-वडिलांच्या आणि लेकरांच्या डोक्याचा प्रश्न आला की मात्र अनोळखी माणसाच्या शब्दावर दोन-तीन हजार रुपये मोजतो. त्यातल्या काही रुपयांत रक्ततपासणी होते आणि उरलेल्यात महिन्याभराचे दूध येते. हा व्यवहार सर्व सभासदांनी घरात बसून, विशेषतः घरच्या बायकांना विचारात घेऊन, एकदा नीट करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग